संमती प्रार्थनीय

नव्या कायद्यामुळे प्रभाकररावांच्या मसाला कंपनीकडचे अकरा हजार मोबाइल नंबर एका सकाळी निकामी झाले. लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांवरून मोनालीनं ते सहा वर्षं गोळा केले होते. ज्याचा नंबर त्याची स्पष्ट संमती असल्याशिवाय जाहिरात पाठवायची नाही, असं वकिलांनी बजावलं. रविवारपर्यंत पाचशे संमत्या आण, नाहीतर मार्केटिंग विभाग बंद, असं प्रभाकररावांनी ठरवून टाकलं. विभाग म्हणजे मोनाली, एक टेबल आणि एक पंखा.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या ज्या गावच्या, त्या अल्लीपूरकरांनी कंपनीत यावं, नियम समजून सही करावी, असं बोलावणं तिनं मोतीलालच्या प्रेसमध्ये छापायला दिलं. मोतीलालनं तीस वर्षांत लग्नपत्रिकेशिवाय काही छापलं नव्हतं. वर गणपती टाकू की बुद्ध, एवढंच त्यानं विचारलं. कायद्याचं काम आहे, काहीच नको, असं तिनं सांगितलं. तेवढं त्यानं पाळलं. बाकी हात सवयीनं चालला: 'आपली संमती प्रार्थनीय. स्थळ: कंपनीचं आवार, सिंदी मेघे. आहेर आणू नये.' कोपऱ्यांना हळदही लावली. मोनालीनं घाईत, न वाचताच, गठ्ठा घरोघर वाटला.

रविवारी अल्लीपूरहून टेम्पोंची रांगच लागली. बाया ठेवणीतल्या साड्यांत. पुढे उतरलेल्या विमलाबाईंनी विचारलं, "नवरदेव कुठी हाय वं?"

मोनालीनं त्यांच्या हातातली पत्रिका घेऊन पहिल्यांदाच वाचली. मग तिनं माणसं मोजली. सहाशेच्या वर! प्रभाकररावांनी रागवायचं राहू देऊन नव्या मसाल्याची पोती फोडली. आलू-वांग्याच्या भाजीचे मोठाले गंज चुलीवर चढले. फोनवर वकील म्हणाले, जेवणाच्या बदल्यात घेतलेली संमती चालत नाही. म्हणून आधी जेवण, मग ज्याची इच्छा त्याची सही. मोनाली पेनं घेऊन फाटकाशी उभी राहिली.

जेवून विमलाबाईंनी संमतीचा कागद मोठ्यानं वाचला: संमती केव्हाही मागे घेता येईल. नवऱ्याकडे, अण्णाजींकडे, बघून त्या म्हणाल्या, "असा कागद आपल्या लग्नात काऊन नाई देल्ला?"

पंगत हसली आणि सहीसाठी रांग लागली.

टेम्पो सुटायच्या वेळी आकडा चारशे नव्याण्णववर होता. अण्णाजी टेम्पोत बसून होते. मोनालीनं त्यांच्यापुढे कागद धरला.

"बाईनं केली ना सही."

"तुमची संमती वेगळी लागते, अण्णाजी."

"माही?" ते खाली उतरले. "चाळीस वर्सात कोणी इचारलीच नाई."

बापाच्या नावासकट त्यांनी सावकाश सही केली. मग पेन हातातच ठेवून विचारलं, "आणखी एखादा कागद हाय का?"