वीतभर कमी

हाफटाइमला स्कोअर होता चव्वेचाळीस-शून्य, आणि मी समोरच्या कोचला चार शब्द सुनवायला तरातरा निघाले होते. माझा राग सगळ्या वेसाव्याला ठाऊक आहे. आई मालवणची, वडील गिरणीत साच्यावर. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले, त्यामुळे आमच्या घरी हळू बोललेलं कोणाला ऐकूच जायचं नाही. तीच सवय मला लागली.

मी रत्नप्रभा. कोळीवाड्याजवळच्या पालिकेच्या शाळेत पीटी शिकवते. चौदा वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉलची टीम उभी करायला मला वर्ष लागलं. शाळेला मैदान नाही, म्हणून बोंबील सुकवतात त्या अंगणात एका खांबाला रिंग बसवली. बसवली तुळशीदासकाकांनी. आमची कॅप्टन कल्पिता, तिचे ते आजोबा, पण अख्ख्या वाड्याचे काका. जन्मभर जाळी विणली, आता होडीवर जात नाहीत. रिंगला जाळी लागते म्हटल्यावर त्यांनी दोन दिवसांत झकास जाळी विणून आणली आणि खालून शिवूनही टाकली. बॉल आत गेला की आतच! मग पोरी बांबूने ढोसून तो बाहेर काढायच्या.

"काका, खालून उघडी ठेवायची असते हो," मी सांगितलं.

"बाय, ज्याला बूड नाय त्याला जालं कोन बोलंल?"

यावर काय बोलणार? शिवाय एक फायदा होता, बॉल खाडीच्या चिखलात जायचा नाही. मी गप्प बसले. आयुष्यात मोजक्या वेळा बसलेय, त्यातली ही एक.

तर या पोरींना घेऊन मी दोन मॅच खेळले होते. दोन्हीत भोपळा. साधा एक पॉइंट नाही. दुसऱ्या मॅचला तर कोणाचा तरी बाप मोबाइलवर शूटिंग करत खदाखदा हसत होता. तिसऱ्या मॅचच्या दिवशी सकाळी घाटकोपरला जाताना बसमध्ये कल्पिता माझ्या शेजारी येऊन बसली.

"बाई, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. आज पण भोपळा आला ना, तर टीम बंद."

"अगं, हरणं-जिंकणं चालायचंच."

"हरायचं वाईट नाही वाटत ओ बाई. पण एक तरी जायला पाहिजे ना. नाहीतर आपण खेळलो कशाला?"

तेरा वर्षांची पोर. एक बास्केट, बास. नाहीतर वर्षभराची मेहनत त्या घाटकोपरच्या ग्राउंडवर संपणार होती.

समोर मुलुंडची मोठी शाळा. त्यांच्या पोरी आमच्यापेक्षा वीत-वीत उंच, आणि कोच विद्याधर सर, डोक्यावर निळी टोपी. आमच्या मुलींनी आपल्या टोकाला बॉल हातात घेतला रे घेतला की त्यांच्या दोघी-दोघी अंगावर. याला प्रेस म्हणतात. दहा-शून्यला प्रेस, वीस-शून्यला प्रेस, चाळीस झाले तरी प्रेस! त्यांची कॅप्टन रुचिरा एकदा पास द्यायला जरा रेंगाळली, तर सर तिच्यावर केवढ्याने ओरडले. आमच्या पोरींना कशाबशा मिळालेल्या सात-आठ संधी, त्याही सगळ्या वाया. मेल्याला जरा लाज नाही, मी मनात म्हटलं.

आणि हाफटाइमला ते तोंडावरही म्हटलं. 'मेल्या' तेवढं वगळून.

"सर, चव्वेचाळीस झाले. अजून किती चेपणार आहात लेकरांना?"

मला वाटलं, माणूस उसळेल. त्यांनी टोपी काढली.

"बरोबर आहे बाई तुमचं. प्रेस मी पहिल्या दहा मिनिटांतच काढायला हवा होता. स्कोअर बघायचं राहून गेलं, चूक माझी. आता काढतो. पण एक सांगतो, माझ्या मुली बाजूला होऊन बास्केट देणार नाहीत. फुकटचं आहे हे तुमच्या मुलींना लगेच कळेल."

"दिलीत तर मीच परत करीन!"

ते हसले. मग म्हणाले, "तुमची रिंग किती उंच आहे?"

"दहा फूट. नियमाप्रमाणे."

"कोणी मोजली?"

आता याला काय करायचंय, असं ओठांवर आलं होतं. पण ते पुढे बोलले, "ज्यांना खेळता येत नाही त्यांचे शॉट कुठेही जातात. तुमच्या मुलींचे सगळे शॉट सरळ आहेत, आणि सगळे रिंगच्या पुढच्या कडेला, एवढेच कमी पडतात." त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. एक वीत. "सरावाशिवाय असं होत नाही, बाई. चांगलं शिकवलंय तुम्ही."

माझ्या डोळ्यांपुढे तुळशीदासकाका उभे राहिले. काका टेप वापरत नाहीत. जाळं हाताने मोजतात, दोर हाताने मोजतात. दहा फूट म्हणजे सात हात होतील ना, असं मीच त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी खांबाला कोपर लावून सात हात मोजले होते. माणूस जेमतेम पाच फुटांचा, हात तेवढाच आखूड! आणि मी बावळट. वर्षभर पोरींची मनगटं, कोपरं, गुडघे सगळं सुधारत बसले, रिंग काही मोजली नाही.

पोरींना गोळा केलं. "इथली रिंग आपल्यापेक्षा वीतभर वर आहे. तुमचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलंय. वीतभर वर मारा."

प्रेस निघाला. आता बॉल निदान मधल्या रेषेपलीकडे जायला लागला. पण वर्षाची सवय अशी मिनिटात जाते थोडीच? एक शॉट बोर्डावरून गेला. एक कडेवर फिरून बाहेर पडला. मुलुंडच्या मुली साधं खेळत होत्या, पण मनापासून खेळत होत्या. एकसष्ट-शून्य झाले, आणि शेवटचं मिनिट राहिलं.

बॉल कल्पिताकडे आला. समोर रुचिरा, दोन्ही हात वर, तसूभर हटली नाही. कल्पिताने गुडघे वाकवले आणि मारला. बॉल रुचिराच्या बोटांवरून गेला, मागच्या कडेवर आपटला, वर उडाला आणि आत पडला.

आणि आमच्या पाचही पोरी जागच्या जागी थांबून वर बघत राहिल्या. घरी बॉल जाळीत अडकतो ना! तो इथे खाली पडून टप्पे घेतोय, हे कळायलाच त्यांना एक क्षण लागला. मग कल्पिता किंचाळली, "भोपळा फुटला!" आणि पाचजणी कोर्टाच्या मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडून नाचायला लागल्या.

मॅच चालू होती! "डिफेन्स! अगं डिफेन्स!" मी बोंबलत होते. कोण ऐकतंय? रुचिरा बॉल उचलून रेषेबाहेर उभी राहिली. पलीकडच्या टोकाला तिची मैत्रीण एकटी हात वर करून थांबलेली. एक लांब पास, की दोन पॉइंट. पास द्यायला पाच सेकंद असतात. रेफरी हात हलवत मोजत होता. एक, दोन, तीन. रुचिरा आमच्या पोरींकडे बघत नुसती उभी. पाच झाले, शिट्टी वाजली, नियमाने बॉल आम्हाला मिळाला. तेवढ्यात वेळही संपली.

विद्याधर सरांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "रुचिरा, पास का नाही दिलास?"

ती जरा घाबरली. "सर, त्यांचं अजून झालं नव्हतं."

सरांनी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. चार शब्द सुनवायला आलेली मी, माझ्या तोंडून एक शब्द निघेना. डोळे मात्र वाहत होते. मी त्या पोरीचे दोन्ही हात धरले आणि सरांना कसंबसं "थँक्यू" म्हटलं. फार कमी होतं ते.

संध्याकाळी सगळं काकांना सांगितलं. रिंग वीतभर कमी भरली हे ऐकून ते आधी माझ्यावरच उखडले. मग रुचिराचं ऐकलं आणि उठलेच. टेप लावून रिंग वर चढवली, जाळीची शिवण स्वतः उसवली. टीम बंद करायची गोष्ट कोणी काढली नाही.

आठवड्याने त्यांनी माझ्या हातात एक पुडकं दिलं. आत नवी कोरी जाळी होती, बारीक गाठींची, खालून उघडी.

"ही मुलुंडच्या त्या पोरीला दे," काका म्हणाले. "तिला सांग, आख्ख्या जल्मात बिनबुडाचं जालं पयल्यांदाच विनलंय. तिच्यासाठी."