सातव्या टोपलीची फिर्याद

मित्रांनो, मी एक लोखंडी टोपली आहे. वय बारा वर्षं, म्हणजे माझ्या जातीत म्हातारीच. माझ्या दांड्याभोवती चोवीस साखळ्या लोंबतात, खाली जाळीची परडी आहे आणि डोक्यावरच्या पिवळ्या पट्टीवर सातचा आकडा. लोक लांबून प्लास्टिकची ताटलीसारखी डिस्क फेकतात, ती साखळ्यांना अडून परडीत पडली की पुढच्या टोपलीकडे निघतात. जितक्या कमी फेकींत पडेल तितका खेळाडू चांगला. तीन उन्हाळे मी हे काम इमानाने केलं. आता मी तळ्याकाठच्या शेडमध्ये मोडक्या बाकांजवळ आडवी पडले आहे. ‘सातव्या टोपलीपायी हिल्काचा कान गेला,’ असं गाव म्हणतं. ते ऐकलं की अजून माझं लोखंड तापतं. म्हणून माझी बाजू तुम्ही तरी ऐका.

ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या आर्वींनी मला घडवलं. शेवटचा सांधा थंड झाल्यावर त्यांनी साखळ्या हलवून आवाज ऐकला आणि म्हणाले, “चालेल.” फिनलंडमधल्या आमच्या गावात याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं करत नाही.

मैदान आखलं इल्मोने. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि गावातला सगळ्यांत सरस खेळाडू होता. माणूस कष्टाळू, हे मी रागातही कबूल करते. एका टोपलीकडे जाणारी डिस्क दुसऱ्या टोपलीच्या वाटेवरून उडू नये, रस्त्याच्या आणि पोहण्याच्या धक्क्याच्या दिशेने कुणी फेकू नये, लहान मुलांना जवळून फेकायला वेगळी जागा असावी, पहिली टोपली सोपी असावी म्हणजे नवख्याचा हिरमोड होत नाही, हे सगळं त्याने पाहिलं. उजव्या हाताने फेकलेली डिस्क वेग संपताना डावीकडे वळते, म्हणून प्रत्येक टोपलीची डावी बाजू मोकळी हवी, हेही तो जाणून होता.

पण हे सगळं त्याने मार्च महिन्यात पाहिलं. तेव्हा आमच्याकडे बर्फ कंबरभर असतं आणि सकाळी इतकं कडक, की स्कीवरून सरसर कुठेही जाता येतं. माझ्या डावीकडचा उतार त्याला पांढराशुभ्र, रिकामा दिसला. म्हणून त्याने माझ्या जागेची खूण केली. उन्हाळ्यात तिथे काय असतं ते बघायला तो पुन्हा आला नाही.

बरं, त्याने विचारलं नाही असंही नाही. शाळेत गावाची सभा भरली. नमुना म्हणून आर्वींनी मलाच कोपऱ्यात उभी केली होती, त्यामुळे हे सांगोवांगीचं नाही. इल्मोने नकाशा टांगला आणि सातव्या टोपलीच्या डावीकडच्या उतारावर उन्हाळ्यात कुणाचं जाणं-येणं असतं का, असं स्पष्ट विचारलं. चाळीस माणसं कॉफीच्या कपात बघत बसली. आळीमिळी गुपचिळी. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार, तेव्हा तशी नोंद झाली आणि सगळे वेलचीचा पाव खायला उठले.

मित्रांनो, त्या उतारावर पंचक्रोशीतल्या सर्वांत गोड ब्लूबेरी लागतात. जंगल सगळ्यांचं, बेरी कुणीही तोडाव्यात. पण आपण कुठे तोडतो हे आमची माणसं मरताना पोटच्या पोरालाही सांगत नाहीत. त्या सभेतल्या निदान नऊ जणांची ‘गुप्त’ जागा तीच होती, आणि ती फक्त आपल्यालाच ठाऊक असल्याचा प्रत्येकाचा समज होता. पहिल्या रांगेत मूग गिळून बसलेली हिल्का ही तर इल्मोची सख्खी आई.

जुलै उजाडला आणि माझ्या जिवाला घोर लागला. नऊ माणसं एकमेकांच्या नकळत नऊ झुडपांमागे वाकलेली. कुणाला दिसू नये म्हणून हिल्का शेवाळी रंगाचा रुमाल बांधून यायची. नवखे खेळाडू चुकलेली डिस्क शोधायला खाली उतरले, की ही मंडळी बादली झाकून सहज फिरायला आल्यासारखी उभी राहायची. कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं. इल्मोची डिस्क सहसा माझ्या साखळ्यांतच पडायची, त्यामुळे तो कधी खाली गेलाच नाही. मी दोन उन्हाळे डोक्यांवरून डिस्क जाताना पाहिल्या. ओरडावंसं फार वाटे. पण डिस्क लागली तरच मी वाजते, हुकली तर माझ्याकडे आवाज कुठला?

तिसऱ्या उन्हाळ्यात एका रविवारी तळ्याकडून जोराचा वारा सुटला आणि इल्मोची डिस्क मला चुकवून डावीकडे खाली गेली. हिल्काच्या कानावर बसली. बाई ओरडली नाही. ओरडली असती तर जागा कळली असती ना!

डिस्क शोधत इल्मो खाली आला आणि जागीच थिजला.

“आई? तू इथे काय करतेस?”

“बसलेय.”

“अगं, रक्त येतंय!”

“हळू बोल. वरचे ऐकतील.”

त्याने स्वतःचा शर्ट काढून तिच्या कानावर दाबला. “मी विचारलं होतं सभेत. तू समोर बसली होतीस. एक शब्द बोलली असतीस तर?”

“आणि तू एकदा उन्हाळ्यात येऊन बघितलं असतंस तर?” हिल्का म्हणाली.

अकरा टाके पडले. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आणि गावाने काय केलं? तिसऱ्या दिवशी मला उपटलं! टोपलीची जागाच वाईट, टोपलीच अपशकुनी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

महिन्याभराने गावाने मिळून मैदान दुरुस्त करायचा दिवस ठरवला. काम झाल्यावर शेडच्या दारात वाटाण्याचं सूप वाटलं गेलं, आणि इल्मोने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा सगळे वाडग्यात बघू लागले. मी आत आडवी पडून संतापाने नुसती धुमसत होते.

तेव्हा कानाला पट्टी बांधलेली हिल्का उठली. “माझी बेरीची जागा सातव्याच्या डावीकडे आहे,” ती म्हणाली. “एक्केचाळीस वर्षं. माझ्या आईने दाखवली होती.”

मग आर्वींनी वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, “माझीही.” त्यांच्यानंतर आणखी सात जण बोलले. त्याच संध्याकाळी इल्मोने सगळ्यांना बरोबर घेऊन उतार पायी पालथा घातला आणि सातव्या टोपलीची जागा तिथून हलवून खडकाच्या बाजूला नेली. तिथे नवी टोपली आली. मला कुणी उचललं नाही की चूक झाली असंही कुणी म्हणालं नाही.

पुढच्या जुलैत हिल्का उतारावर गेली तेव्हा गावाने झुडपांवरच्या बेरी ओरबाडून नेल्या होत्या. ती शेडजवळ इल्मोला भेटली तेव्हा तिच्या बादलीचा तळही झाकलेला नव्हता. इल्मो चिडून म्हणाला, की लोकांनी तुझी जागा संपवली.

“संपू दे,” ती म्हणाली. “बेरी वर्षाने परत येते. कान येत नाही.”

मित्रांनो, तुम्ही कधी मैदान आखलंत तर ती जमीन सगळ्या ऋतूंत चालून बघा. आणि कुणी आखत असेल, तुम्हाला विचारत असेल, तर कपात बघू नका. मला तोंड असतं तर मी पहिल्याच उन्हाळ्यात ओरडले असते. तुम्हाला आहे.