साठ वजा

मित्रांनो, पाकिटाला किती तिकिटं लावायची हे ज्याला विचारल्याशिवाय टपाल कचेरीत ठरत नसे, तो जुना काटा म्हणजे मी. बिडाचं बूड, पितळेची ताटली, पांढरी तबकडी आणि तिच्यावर एक काळी सुई, एवढाच माझा पसारा. अडीचशे ग्रॅमपर्यंतचं काहीही माझ्यावर ठेवा, मी एका ग्रॅमाचाही घोळ करत नाही. ही बढाई नव्हे. दर वर्षी तपासणीस यायचे, पन्नास ग्रॅमचं पितळी वजन माझ्यावर ठेवायचे आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे जायचे. मला ते शाबासकीसारखं वाटायचं.

माझे साहेब म्हणजे खिडकीवरचे कारकून. सगळं गाव त्यांना पोस्टबाबू म्हणायचं. लहान पाकिटं माझ्या ताटलीवरून घसरतात म्हणून त्यांनी माझ्यावर एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी ठेवली होती. वाटीचं वजन बरोबर साठ ग्रॅम. सुई शून्यावर आणायचा माझा स्क्रू गंजून जाम झाला होता, त्यामुळे साहेब वाटीचे साठ मनातल्या मनात वजा करायचे. बत्तीस वर्षं. गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना, जांभई देताना, शिंकतानासुद्धा त्यांचं 'साठ वजा' चालूच असे. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. ती सगळ्यांना हसत सांगायची, "डॉक्टरांनी ह्यांना रक्तदाब एकशे साठ सांगितला, तर हे मनात शंभर म्हणून खुशाल घरी आले."

मग कचेरीत आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी भंगारात ठरली. साहेबांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं आणि निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घालून घरी नेलं. वाटी आणि तपासणीचं पन्नास ग्रॅमचं पितळी वजनही बरोबर आणलं. पण घरी मला काम कुठलं? मी दोन वर्षं फळीवर बूटपॉलिशच्या डबीशेजारी धूळ खात पडलो. बाईंना कापडावर कागदी नमुना दाबून धरायला वजनदार वस्तू लागली, की तेवढ्यापुरती माझी आठवण व्हायची. ज्याने हजारो पाकिटं तोलली त्याला कुणी काही विचारेना, याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या घरात पोपटांची एक जोडी होती. पिवळ्या-केशरी रंगाचे, लांब शेपटीचे कोन्यूर. मागच्या खोलीत मोठा पिंजरा आणि त्याला बाहेरून लावलेली लाकडी घरट्याची पेटी. चार वर्षं झाली तरी घरात पिल्लू काही नांदेना. कधी अंडी पोकळ निघाली, कधी मादीने फोडली. पाचव्या वर्षी तीन अंड्यांतलं एक फुटलं आणि त्यातून गुलाबी, आंधळं, मुठीएवढंही नसलेलं एक गाठोडं बाहेर आलं. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं पार्सल. दोन आठवडे आई-बापांनी त्याला नीट भरवलं आणि मग काय बिनसलं कोण जाणे, मादी त्याची मान टोचू लागली. बाईंनी पिल्लू उचललं ते रक्ताळलेल्या मानेनेच.

तेव्हापासून साहेब आणि बाईच पार्सलचे आई-बाप झाले. दिव्याच्या उबेची एक लाकडी पेटी, पिल्लांचं तयार पीठ कोमट पाण्यात कालवून केलेली पेज आणि कडा वर वाकवलेला एक चमचा. बाई दिवसातून पाच वेळा भरवायच्या. गळ्याखालची पिशवी किती भरली, मागचं उतरलं की नाही, हे बोट लावून बघायच्या. साहेबांचं काम वजनाचं. हाताने वाढवलेल्या पिल्लाचं वजन रोज सकाळी, पहिलं भरवण्याआधी बघावंच लागतं. ते रोज वाढलं तर सगळं ठीक.

आणि त्या कामासाठी साहेबांनी फळीवरून मला खाली घेतलं! मला फडक्याने पुसलं, ताटली चिंचेच्या कोळाने घासली. त्या दिवसाइतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. पत्रं तोलली होती, पण श्वास घेणारं काही माझ्यावर कधी बसलं नव्हतं. वाटीतलं ते पिल्लू थरथरायचं आणि माझी सुईही त्याच्याबरोबर थरथरायची. साहेब थांबायचे, सुई स्थिर झाली की मोठ्यांदा म्हणायचे, "एकशे चाळीस. साठ वजा. ऐंशी!" आणि बाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडायचं.

साहेबांचा एक नियम होता. वजन शंभराच्या वर गेलं की पाचाऐवजी चार वेळा भरवायचं आणि पेटीतला एक दिवा कमी करायचा. नियमात वाईट काही नव्हतं. मोठ्या पिल्लाला तेवढं पुरतं.

पार्सल ब्याण्णव ग्रॅमचं झालं त्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की गार, गुळगुळीत वाटीत त्याचे पाय दोन्हीकडे फाकतात. असं रोज झालं तर पाय वाकडे राहतात. त्यांनी दुपारीच मशीनवर बसून वाटीच्या मापाची एक गोल गादी शिवली. आत कापूस, वर जाड फलाणीन, कडेला दुहेरी टीप. सोळा ग्रॅमची सुबक गादी. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल त्या गादीवर असं ऐसपैस बसलं, की साहेब म्हणाले, "वा! साहेब गादीवर बसले. आता कचेरी ह्यांचीच."

मग त्यांनी वाटी माझ्यावर ठेवली. माझी सुई एकशे एकोणसत्तरवर थांबली.

"एकशे एकोणसत्तर. साठ वजा. एकशे नऊ!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "अगं, एका दिवसात सतरा ग्रॅम! तुझ्या गादीचा पायगुण बघ."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त सुई आहे, आणि ती खरंच सांगत होती. वाटीचे साठ, गादीचे सोळा, पिल्लाचे त्र्याण्णव. पण ज्यांनी बत्तीस वर्षं माझ्यावर विश्वास टाकला, त्यांच्या तोंडात साठ हा आकडा पक्का बसला होता. बाईंना हिशोबात पडायची सवय नव्हती. त्या खूश झाल्या. त्या दिवसापासून पार्सलचं एक भरवणं बंद झालं आणि पेटीतला एक दिवा विझला.

दुसऱ्या सकाळी पार्सल नव्वदवर आलं होतं. साहेबांनी एकशे सहा धरलं.

"उतरलं का हो?" बाईंनी विचारलं.

"पिसं फुटायला लागली, की थोडं इकडंतिकडं व्हायचंच. शंभराच्या वर आहे ना, मग बास."

तिसऱ्या सकाळी त्याचं वजन सत्त्याऐंशी होतं. साहेबांनी एकशे तीन म्हटलं, पण या वेळी त्यांचा आवाज बसका होता. बाई भरवताना थांबल्या. त्यांनी पिल्लाच्या छातीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "अहो, मधलं हाड हाताला लागतंय. परवा असं लागत नव्हतं."

"तुझ्या बोटापेक्षा माझा काटा जुना आहे," साहेब म्हणाले. "तो कधी चुकला नाही."

माझं एवढं कौतुक कचेरीतही कुणी केलं नव्हतं. आणि त्या कौतुकाने माझ्या अंगावर काटा आला. मी चुकत नव्हतो, पण माझ्याच नावावर ते पिल्लू उपाशी राहत होतं. त्या दिवशी पार्सल भुकेने ओरडायचं ते हळूहळू कमी झालं. साहेबांना वाटलं, पोट भरलंय. बाई मात्र शिवणाचं काम टाकून पेटीपाशी येऊन बसल्या.

चौथ्या सकाळी त्याने चमच्याकडे मान वळवली नाही. डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला. माझी सुई एकशे एकोणसाठवर आली. "नव्व्याण्णव," ते पुटपुटले आणि तसाच त्यांनी पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"वजन किती आहे?"

"नव्व्याण्णव."

"महिन्याच्या पिल्लाला नव्व्याण्णव म्हणजे उत्तम की. उपासमार नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघा, मग घेऊन या."

म्हणजे माझ्या नावावरचा तो आकडा आता डॉक्टरांनाही चकवत होता. संध्याकाळपर्यंत! त्या पिल्लात दुपारपर्यंतचाही जीव दिसत नव्हता.

साहेब पाठमोरे उभे राहून बोलत होते. तेवढ्यात बाईंनी पार्सलला वाटीतून उचलून छातीशी घेतलं. रिकामी वाटी, गादीसकट, माझ्यावरच राहिली. माझी सुई खाली आली आणि शहात्तरवर थांबली. साठवर नव्हे, शहात्तरवर! बघा, म्हटलं, आता तरी कुणीतरी माझ्याकडे बघा. बाई पिल्लाकडे बघत होत्या. साहेब भिंतीकडे बघत होते. फोन ठेवून ते वळले आणि नीटनेटक्या माणसाच्या सवयीने त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली. माझी सुई शून्यावर आली. आलेली संधी अशी डोळ्यांदेखत गेली.

"डॉक्टर म्हणतात वजन चांगलं आहे," साहेब म्हणाले.

बाईंचा तोल सुटला. "चुलीत घाला ते वजन! चार वर्षं मी ह्याची वाट बघितली. माझ्या हाताला हे पिल्लू हलकं लागतंय. तुमच्या त्या वाटीत नको, गादीत नको, नुसतं ठेवते." आणि साहेबांनी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पार्सलला थेट माझ्या उघड्या ताटलीवर ठेवलं. दोन्ही तळहात त्याच्या भोवती धरले, पण त्याला लावले नाहीत.

त्याची नखं माझ्या पितळेवर किंचित वाजली. मी माझी सगळी ताकद लावली, जणू माझ्या ताकदीवर काही अवलंबून होतं. सुई थांबली. त्र्याऐंशी.

"हात लागतोय तुझा."

बाईंनी हात आणखी दूर नेले. त्र्याऐंशी.

साहेबांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "काटा बिघडला," ते म्हणाले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला ते लागलं, मित्रांनो, पण रागवायला वेळ नव्हता. त्यांनी खणातून पन्नास ग्रॅमचं पितळी वजन काढलं. बाईंनी पिल्लू उचललं. वजन माझ्यावर बसलं आणि सुई पन्नासवर उभी राहिली. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

साहेबांनी ते वजन खाली उतरवलं. मग त्यांनी वाटी उचलून माझ्यावर ठेवली. शहात्तर. गादी काढली. साठ. गादी परत ठेवली. शहात्तर. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"माझ्या गादीने घात केला," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"गादीला काय कळतंय? वजाबाकी माझी होती." साहेब खाली वाकून विझलेला दिवा लावू लागले, पण त्यांच्या बोटांना बटण सापडत नव्हतं. "चार दिवस मी त्याला उपाशी मारतोय गं."

डॉक्टरांना पुन्हा फोन गेला. खरा आकडा ऐकून ते भराभर सांगू लागले. आधी ऊब द्या, गार पिल्लाला भरवू नका. अंग गरम झालं की पातळ पेज, दर दोन तासांनी, चमचा-दोन चमचेच. गळ्याखालची पिशवी रिकामी होते का त्यावर लक्ष ठेवा. संध्याकाळपर्यंत ती रिकामी झाली तर आशा आहे, नाहीतर तातडीने माझ्याकडे.

तो दिवस सरता सरेना. बाईंनी पेटीपुढून पाय हलवला नाही. साहेब दर दहा मिनिटांनी पेटीतल्या तापमापकाकडे वाकून बघायचे. दुपारी पार्सलने पहिला चमचा घेतला तो निम्मा बाहेरच सांडला. दुसरा घेतला. मग मान टाकली. चार वाजता पिशवी तशीच होती. पाचला तशीच. बाईंनी डॉक्टरांकडे न्यायला टोपली काढली, तिच्यात गरम पाण्याची बाटली ठेवली. सहाला त्यांनी पुन्हा बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "उतरलंय."

दुसऱ्या सकाळी माझ्याकडे दोन्ही बाजूंनी चार डोळे बघत होते. त्र्याऐंशी. वाढलं नव्हतं, पण घटलंही नव्हतं. त्यानंतरच्या सकाळी पंच्याऐंशी. त्यानंतर एकोणनव्वद, आणि त्या दिवशी पार्सलने चमचा असा ओढला की बाईंच्या हातून सुटला. दोघंही लहान मुलांसारखी हसली.

आता त्या घरात तोलण्याची रीत बदलली आहे. साहेब आधी रिकामी वाटी ठेवतात, गादीसकट, आणि आकडा वाचतात. मग पिल्लू ठेवायच्या आधी बायकोकडे बघून विचारतात, "हाताला काय लागतंय?" ती सांगते. त्यानंतरच माझी पाळी येते. पहिला मान गेला खरा, पण मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, तुम्ही घरी एखादा जीव वाढवत असाल, तर त्याला नीट हातात घेऊन बघा, आणि मग आमच्यासारख्यांना विचारा. आम्ही खरं सांगतो, पण आमच्यावर काय काय ठेवलंय ते तुम्हालाच बघावं लागतं.

गेल्या आठवड्यात पार्सलने पहिल्यांदा पंख पूर्ण उघडले. पिवळे, केशरी, कडेला हिरवे. बाईंनी टाळी वाजवली. साहेबांनी चष्मा लावून जवळून पाहिलं आणि त्यांची नजर एका जागी अडकली. प्रत्येक लांब पिसावर, सगळ्यांवर एकाच उंचीला, एक बारीक फिकट रेघ होती. पीस वाढत असताना पिल्लू उपाशी राहिलं तर तेवढी जागा पोकळ राहते, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ही पिसं गळून नवी येतील, तेव्हा ती रेघ जाईल. तोपर्यंत साहेब रोज सकाळी तो पंख बोटाने अलगद उलगडतात, त्या रेघेवरून बोट फिरवतात, आणि मगच पार्सलला भरवायला बायकोच्या हातात देतात.