रोट खाणाऱ्याचा पेन ड्राइव्ह

मंगलाबाईंना सून एकच, आणि तीही कमी बोलणारी. मग घरात भांडायचं कोणी? ते काम दोन कॉम्प्युटर करत.

पर्वत पाटिया वस्तीतल्या त्यांच्या घरात खाली साड्यांवर भरतकाम करणारी मशिनं, वर बिऱ्हाड आणि मधल्या मजल्यावर एक खोली. तिथे एका टेबलावर थोरल्या गजेंद्रचा विंडोजवाला कॉम्प्युटर, दुसऱ्यावर धाकट्या ललितचा लिनक्सवाला. गजेंद्र म्हणायचा, सगळं मार्केट विंडोजवर चालतं, तुझं ते फुकटचं भजन कोण ऐकतंय? ललित म्हणायचा, तुझ्या घराला दारच नाही, चोराला कडी वाजवायचीसुद्धा तसदी नाही. त्यात गजेंद्रचं विंडोज दुकानदाराने बसवून दिलेली चोरटी नक्कल. पकडलं जाऊ नये म्हणून अपडेट कायमचं बंद. मंगलाबाई शाळेत गेल्या न गेल्यासारख्याच. त्यांना यातलं एवढंच कळायचं की पोरं जेवतानाही एकमेकांकडे न बघता बोलतात. त्यांच्या माहेरी याहून लहान कारणांनी चुली वेगळ्या झाल्या होत्या.

दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. बाहेरचा पेन ड्राइव्ह घरात लावायचा नाही. व्यापाऱ्याचा असो, मशीनवाल्याचा असो, नाही म्हणजे नाही.

श्रावणात घरात कुळदेवी कानबाई बसली. कामरेजहून मंगलाबाईंच्या नवऱ्याच्या चुलत भावाचा मुलगा दगा आला. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू भाऊबंदांतल्या माणसामाणसाच्या नावाने मोजून दळतात आणि तो रोट परक्याच्या तोंडी जाऊ देत नाहीत. दगाच्या नावाचे गहू दरवर्षी पडत. जेवून त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. साडीची नवी बॉर्डर आणली होती, बघा म्हणाला. गजेंद्र घुटमळला. तेव्हा मंगलाबाईच म्हणाल्या होत्या की रोट खाणारा माणूस बाहेरचा कसा? लाव. दगा परत गेला तेव्हा तो गजेंद्रच्या कॉम्प्युटरला तसाच लावलेला राहिला.

कानबाईला तापीत निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रचा पडदा लालभडक झाला. त्यावर इंग्रजीत काहीबाही. सून धनश्रीने वाचून सांगितलं, आत जे जे होतं त्याला कोणीतरी कुलूप घातलंय आणि किल्लीसाठी पैसे मागतोय. सगळी डिझाइनं गेली. बन्सीलालांनी, म्हणजे मंगलाबाईंच्या मालकांनी, हयातभर कागदावर काढलेल्या बॉर्डरी धनश्रीने एकेक करून कॉम्प्युटरात चढवल्या होत्या. कागद तर पुराच्या पाण्यात कधीच विरघळले. आता त्यांची एकच नक्कल उरली होती, ललितच्या कॉम्प्युटरमध्ये. खाली मशिनं बंद पडलेली. लग्नसराईचा माल अर्धा सुयांखाली.

अशा वेळी भावाने भावाच्या पाठीवर हात ठेवावा. ललित हसला. फार नाही, ओठाच्या कोपऱ्यातून. पण गजेंद्रने ते पाहिलं.

मग जे सुरू झालं ते मंगलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. गजेंद्र म्हणाला, तूच काहीतरी केलं असशील, मला खोटं पाडायला. ललित म्हणाला, तुला खोटं पाडायला मला कष्ट घ्यावे लागत नाहीत. बोलता बोलता गजेंद्रने आपल्या कॉम्प्युटरमधून दगाचा पेन ड्राइव्ह उपटला आणि धाकट्याच्या टेबलावर आपटला.

"लाव ना मग तुझ्यात. लई मर्द आहे ना तुझा लिनक्स."

"लावतो. बघच तू. या असल्या विंडोजच्या किड्यांना इथे खायलाच मिळत नाही."

धनश्री हळूच पुढे झाली.

"भाऊजी, डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हतं, म्हणून तुम्ही आत विंडोजचं सोंग बसवलंय ना? त्या सोंगाला हा किडा फसला तर?"

"काही होत नाही, वहिनी," ललित म्हणाला, पण जरा जास्तच घाईने. आणि पेन ड्राइव्ह उचलला.

पोर हट्टाला पेटलं की त्याचे कान आधी लाल होतात, हे आईला ठाऊक असतं. मंगलाबाई पुढे गेल्या आणि ज्या भोकात तो घालायचा त्यावर त्यांनी तळहात दाबून धरला.

"मना हात काप पहिले," त्या म्हणाल्या. राग आला की त्यांची अहिराणी आपोआप वर येई. "गजूनं घर जळनं. आते तू तुनं घर पेटाडीसन पाहस का, जळस का नही ते?"

ललितचा हात हवेतच राहिला.

"त्याचं विंडोज खोटं, तुझी ऐट खोटी. तुझ्या बापाच्या बॉर्डरी आता एका डबीत उरल्यात, आणि तुला पैज लावायची आहे?"

"माय," गजेंद्र खाली बघत म्हणाला, "लाव असं तूच सांगितलं होतंस."

मंगलाबाईंच्या तोंडात दहा उत्तरं होती, दहाही धारदार.

"हो, मीच," त्या म्हणाल्या, आणि ललितच्या हातातून पेन ड्राइव्ह घेऊन कनवटीला खोचला. "आता भावाला खुर्ची दे."

गजेंद्र भावाशेजारी बसला. अनोळखी पडद्यावर त्याला काही सापडेना, आणि विचारायचं तर जीभ रेटेना. ललितने न विचारताच बोटाने दाखवलं. मंगलाबाई तिथून हलल्या नाहीत; कोण कधी काय टोचून बोलेल याचा नेम नव्हता. बऱ्याच वेळाने खालून एका मशीनची टकटक वर आली. कापडाचा तुकडा घेऊन धनश्री आली. मोराची मान, वेल, सगळं जागेवर होतं.

तरी त्यांना बसवेना. हाच पेन ड्राइव्ह दगाने आणखी कुठे लावला असेल तर? भाऊबंदाला असं विचारणं म्हणजे दुखणं आपल्या हाताने ओढवून घेणं. धनश्रीला त्यांनी फोन लावायला सांगितलं.

दगाने सगळं ऐकून घेतलं.

"काकू, माझाही कालच लाल झालाय," तो म्हणाला. "सांगायची लाज वाटली. गजेंद्रने माझी ती बॉर्डर ललितकडे पाठवली असेल का? येऊ का घ्यायला?"

काल झालं, आणि गप्प बसला. मंगलाबाईंच्या जिभेवर शिवी आली होती. ती त्यांनी गिळली नाही, पण अर्धीच दिली.

"मेल्या, ये. बॉर्डर असेल तर ललित तुला कोऱ्या पेन ड्राइव्हवर भरून देईल," त्या म्हणाल्या. "जेवायलाच ये. पण रिकाम्या हाताने ये. आणि दारात आधी मला खिसे दाखव."

तेवढ्यात फोन बंद झाला; दगाने ठेवला की तुटला, त्यांना कळलं नाही. त्यांनी धनश्रीला एक भाकरी जास्त टाकायला सांगितली आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.