डब्यात ठेवलेला सिनेमा

मुनीम दार ओढून घेत होता आणि धुरपतानं फटीत पाय घातला होता. पाय चेंगरला, पण तिनं तो काढला नाही.

"सेठ जेवायले बसले आहेत," मुनीम म्हणाला.

"बसू द्या. मी काही त्यायच्या ताटात हात घालून नाही राहिली."

खांद्यानं दार लोटून ती आत शिरली. मागून तिचा नवरा इश्वर आला, चपला दाराशी काढून, मान खाली घालून. टेकचंदसेठ खरंच टेबलावर डबा उघडून जेवत होता. बाहेर अंगणात त्याचे ट्रक उभे होते. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज वाहून त्यानं तुमसरात हे ऑफिस बांधलं होतं.

या ट्रकवाल्याला सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात सिनेमाचं वेड लागलं. नागपूरहून कॅमेरा आला, नट आले, आणि आंबागडच्या तलावावर महिनाभर नुसती जत्रा. कोळणीचं काम करायला आणलेली बाई जाळं ओढताना दोनदा पाण्यात पडली आणि रुसून निघून गेली. मग मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातून धुरपताला उभं केलं. गोष्टीत तिचा नवरा तलावात बुडतो आणि ती तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून बांगड्या फोडते. साऱ्या गावानं ते पाहिलं. आणि अक्कल पाहा त्या सिनेमावाल्यांची! त्याच वेळी तिचा खरा नवरा त्याच तलावात डोंगा घेऊन उतरला होता. माणूस पाण्यात असताना ढिवराची बायको डोक्यावरचा पदरसुद्धा पडू देत नाही.

सिनेमाच्या शेवटी तो नवरा जिवंत परत येतो आणि आपल्या हातानं तिला चुडा भरतो. पण ते नागपूरला एका हॉलात काढलं. आंबागडच्या कुणी ते पाहिलंच नाही, नुसतं धुरपताच्या तोंडून ऐकलं. पुढच्या पावसाळ्यात इश्वरचा डोंगा उलटला. तो वाचला, पण त्याच संध्याकाळी सासूनं, बायाबाईनं, धुरपताचं गाठोडं अंगणात फेकलं.

"जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडल्या हिनं! पडद्यावर चुडा भरताना दिसन, तवाच उंबरठा ओलांडजो," बुढी साऱ्या मोहल्ल्यापुढं ओरडली.

तेव्हापासून धुरपता मोहाडीजवळ भावाच्या घरी होती. आता दुसरी दिवाळी आली. इश्वर बाजाराच्या दिवशी भेटायचा, चहा पाजायचा आणि म्हणायचा, सिनेमा लागू दे, मंग नेतो. आणि सिनेमा मेला लागत नव्हता. आज तीच त्याला ओढून तुमसरला घेऊन आली होती.

"सिनेमा तयार झाला का नाही?" तिनं विचारलं.

"झाला."

"मंग काहून नाही लावत?"

सेठनं वरणात पोळी बुडवली. "तुले काय समजन? लावला अन् पडला तं माही इज्जत जाते. नाही लावला, तं बुडाला म्हणून सरकारले दाखवता येते, अन् ट्रकच्या कमाईवरचा टॅक्स वाचते. वकिलानं सांगतलं, सिनेमाचे डबे कपाटात ठेवा. समजलं?"

"समजलं. माहं घर मोडून तुमचा टॅक्स वाचून राहिला."

"तुह्या घराचा ठेका नाही घेतला मी. साडी भेटली, दोन टाइम जेवण भेटलं. आता माहं जेवण खराब नको करू."

मुनीम फिस्कन हसला. त्याला हसायला काय जात होतं!

"एक खेळ लावा," धुरपता म्हणाली. "तिकीट नको. माही सासू पाहीन, बस."

"एकदा लावला का लावला. टॅक्सच्या सायबाच्या कानावर गेलं तं? निघ इथून."

धुरपतानं खाली फतकल मारली.

"दिवाळी झाली का मंडया लागतीन. आंबागडच्या दंडारीत माहा मामेभाऊ नाचते. तुमचं नाव घेऊन गाणं करायले लावतो, सिनेमा तयार आहे अन् सेठनं कपाटात दडवला म्हणून. आज आंबागड, उद्या मोहाडी, परवा तुमसर. तुमचा सायब कोन्त्या गावात राह्यते?"

मंडईच्या जत्रेत दंडारवाले नाचता-गाताना भल्याभल्यांची फजिती करत, आणि एका गावचं गाणं दुसऱ्या गावाला पोचायला वेळ लागत नसे. सेठला हे पक्कं माहीत होतं. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं धुरपताला आईवरून शिवी दिली, मुनीमला दोन दिल्या, आणि उठून मोरीवर बराच वेळ हात धूत राहिला.

"मोहाडीले तंबू टॉकीज आहे," शेवटी तो दात खात म्हणाला. "सोमवारी त्यायची सुट्टी राह्यते. अंधार पडला का चारी बाजू बांधून एक खेळ करतो. तुही सासू अन् तुमी दोघं. बाहेर शब्द गेला तं पाहा."

धुरपताला हसू आलं. तिनं वळून इश्वरकडे पाहिलं.

"राहू द्या, सेठजी," इश्वर म्हणाला.

आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"काय राहू द्या?" धुरपतानं विचारलं.

"खेळ. उगाच त्यायले तरास कायले? माय काही मानन नाही."

"बुढीनं साऱ्यायपुढं कबूल केलं आहे."

"केलं असन." तो भिंतीकडे पाहत होता.

"अन् तुमी मानता का?"

इश्वर दाराशी जाऊन चपला शोधू लागला. "चाल, बस निघून जाईन. तुले भावाकडं सोडून देतो."

सेठनं टॉवेलला हात पुसले. त्याचा चेहरा खुलला होता. "मंग मिटलं. मुनीमजी, डबे राहू दे कपाटात."

"नाही मिटलं," धुरपता बसल्या जागेवरून म्हणाली. "सोमवारी खेळ होईन. अन् तंबू उघडा राहीन. सारा मोहल्ला घेऊन येतो मी. नाही तं मंडईत गाणं आहेच."

"आता सासूपुरतं ठरलं नं!"

"सासूचं काम नाही राह्यलं." तिनं पदर कमरेला खोचला. "खेळ संपला का ह्यायनं सगळ्यायपुढं उभं राहून सांगावं, मले घरी काहून नेत नाही ते."

इश्वर एकाच पायात चप्पल घालून दारात उभा राहिला.