उंट, विंचू आणि चार बोटं

माझ्या भाचीचं लग्न दोन माणसांमुळे मोडायला आलं होतं, आणि त्या दोघांशीही आमच्या घरातलं कुणी कधी दोन शब्द बोललेलं नव्हतं. दोघंही बास्केटबॉलवाले. एक माझ्या लहानपणी खेळायचा, दुसरा अगदी काल-परवापर्यंत. पहिल्याला सगळे उंट म्हणायचे, कारण त्याच्याशी बोलायचं तर मान मोडायची वेळ यायची. दुसरा विंचू. बुटका, पण कुठून घुसेल आणि कधी दणका देऊन जाईल त्याचा पत्ता लागायचा नाही.

झालं असं की लग्नाची तारीख ठरवायला मुलाकडचे दादाकडे आले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. खेळाच्या हॉलांमध्ये लाकडी जमिनी बसवणं आणि त्यांच्यावर रेघा आखणं हा त्याचा धंदा. मी शिवणकाम करते. टीमचे ड्रेस, झेंडे, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते. मुलाचे वडील एके काळी आमच्याच गावच्या टीमचे कोच होते, सुरुवातीला विंचूही त्यांच्याच हाताखाली खेळला. टीम आपल्या हॉलमध्ये सगळ्यांना लोळवायची आणि बाहेर गेली की हात हलवत परत यायची. असं वर्षानुवर्षं चाललं, शेवटी कमिटीनं कोचच्या हातात एक घड्याळ ठेवलं आणि त्यांना घरी बसवलं. आता त्यांचं बुटांचं दुकान आहे. माणूस हसतमुख, पण "घरचे वाघ" असं कुणी म्हटलं की चेहरा उतरतो, हे मी स्वतः पाहिलंय.

चहा झाला, बिस्किटं झाली. वहिनीनं कॅलेंडर काढलं. आणि कोचसाहेबांची नजर गेली भिंतीवर. तिथे उंटाचा फोटो. आमच्या आईवडिलांच्या फोटोपेक्षा मोठा, काय सांगू!

"अरे वा, उंट!" कोच म्हणाले. "चांगला होता हो. त्या काळाच्या मानानं."

त्या काळाच्या मानानं! मी मनात म्हटलं, मेले. दादानं कप खाली ठेवला.

"काळाच्या मानानं म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा समोर असायचं कोण? ऑफिस सुटल्यावर डबा बाजूला ठेवून खेळणारी माणसं. त्यात हा एवढा ताडमाड. नुसता हात वर केला की झालं. आमच्या विंचवासमोर आला असता तर बॉल कुठे गेला हे रात्री घरी जाऊन कळलं असतं त्याला."

"अहो, उंट सिमेंटवर खेळला, सिमेंटवर!" दादा उठून उभाच राहिला. "पडला की गुडघा फुटायचा. पायात कापडी बूट. लांबून टाकला तरी दोनच पॉइंट, तीनची रेघ तेव्हा होती कुठे? तुमच्या विंचवाला मी बसवलेली गुळगुळीत जमीन मिळाली, मालिशवाला मिळाला, तीन पॉइंट मिळाले. एवढं सगळं दिलं तर आमची ही पण खेळेल." ही म्हणजे मी. मला गुडघेदुखी आहे.

"उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच का?" कोचनी आपल्या बायकोला विचारलं.

"आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" दादा गरजला. "दर दोन वर्षांनी क्लब बदलला तुमच्यावाल्यानं. उंट जन्मभर एका टीमचा राहिला."

मग कोचनी हुकमाचा पत्ता टाकला. त्यांच्या दुकानात एक फोटो आहे, सगळ्या गावानं पाहिलेला. आमच्याच हॉलमध्ये विंचू हवेत आहे, मनगट पार रिंगच्या वर, आणि बॉल वरून आत कोंबतोय. "एवढा बुटका माणूस एवढा उडाला, तुमच्या डोळ्यांदेखत. उंटाला देवानं उंची दिली. यानं ती कमावली."

"तो फोटो खोटा आहे," दादा म्हणाला.

संपलं. कोच उठले, त्यांची बायको उठली, बिचारीच्या हातात अर्धं बिस्किट तसंच होतं. "ज्या घरात मला खोटारडा म्हणतात तिथे मी मुलाचं लग्न करत नाही," असं म्हणून ते जिना उतरले. दादा वरून ओरडला, "आणि मी मुलीचं करत नाही!" वहिनीनं कॅलेंडर मिटून कपाटात टाकलं आणि कपाटाचं दार असं आपटलं की उंट भिंतीवर वाकडा झाला.

भाची माझ्याकडे आली ती रडतच. "आत्या, आम्हा दोघांना तर बास्केटबॉल आवडतही नाही गं. आम्ही बॅडमिंटन खेळतो." मी म्हटलं, हे बापाला आत्ता सांगू नकोस, घराबाहेर काढेल. पण पोरीचे सुजलेले डोळे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही दोन घोडी झालेली माणसं, आणि भांडतात कशावरून, तर तिसऱ्याच कुणाच्या तरी उड्यांवरून!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच माझ्या दारात. खांद्यावर शिडी, खिशात टेप. "चल हॉलवर. त्या फोटोतलं मनगट बघितलंस? एवढ्या उंचीच्या माणसाला तेवढी उडी शक्यच नाही. आज रिंगपर्यंतची उंची मोजून सिद्ध करतो."

"आणि सिद्ध झालं तर काय करशील? पोरीला फोटो दाखवून गप्प बसवशील?"

"तू टेप धर. तोंड नको चालवू."

गेले. माझं नशीब. शिवाय म्हटलं, मोजून झालं की हा थंड होईल आणि मग दोन शब्द ऐकवता येतील.

आता आमच्या हॉलची एक पद्धत सांगायला हवी, ती दादानंच घालून दिलेली. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर पाहिजे. ती तपासायला दर वेळी खाली वाकायला नको म्हणून दादानं फार पूर्वी, सिमेंट होतं तेव्हाच, खांबावर छातीच्या उंचीला एक पांढरी रेघ मारून ठेवलेली. रेघ चार फुटांवर. रेघेपासून वर सहा फूट भरले की झाले दहा. पंच येतात, रेघेवर टेप लावतात, मान डोलावतात, सही करतात. इतकी वर्षं हेच चाललंय.

"रेघेवर धर," दादा शिडीवरून म्हणाला.

"कुठली रेघ? खांबांना गाद्या बांधल्यात ना. मीच शिवल्यात गेल्या आठवड्यात. आता तेवढ्यासाठी सगळ्या नाड्या सोडू?"

"सोड की."

"तूच सोड खाली येऊन. मी जमिनीवर धरते. अंगरखा काय कंबरेपासून मोजतात का?"

मी गुडघ्याला शिव्या देत खाली बसले आणि टेपचं टोक जमिनीला टेकवलं. दादानं वर आकडा वाचला. मग म्हणाला, "नीट धर." नीटच धरलं होतं. "रिंगच्या बरोबर खाली ये." आले. "ताण." ताणला. मी वर बघितलं तर दादाचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"चार बोटं कमी आहे," तो म्हणाला.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. त्याला मात्र लगेच कळलं होतं. सिमेंटवर त्यानं आधी पट्ट्या टाकल्या, त्यांच्यावर लाकडाच्या फळ्या. जमीन चार बोटं वर आली. खांब होते तिथेच राहिले. रेघ खांबावर, ती पण तिथेच. त्यामुळे रेघेपासून मोजणाऱ्या प्रत्येकाला रिंग बरोबरच दिसत आली.

मला तर हर्ष झाला, खोटं कशाला बोलू! "अरे, जिंकलास तू! विंचू खालच्या रिंगवर उडाला. उंट पुऱ्या दहा फुटांवर. चल, आत्ताच्या आत्ता त्या बूटवाल्याचं तोंड बंद करू."

दादा शिडीच्या तळाशी मटकन बसला. ही जमीन म्हणजे त्याचा अभिमान. पाहुणा आला की आधी इथे आणून चालवायचा, "बघा, कुठे करकरतेय का?" म्हणून विचारायचा. नवीन काम मिळवताना याच हॉलचं नाव सांगायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

"आपली पोरं बाहेर गेली की त्यांचे बॉल कसे पडायचे, आठवतं?" तो हळूच म्हणाला.

"आखूड. रिंगच्या अलीकडे. सगळं गाव हसायचं."

"रोज खालच्या रिंगवर सराव केलेला. बाहेर खरी रिंग. आखूड नाही पडणार तर काय होणार?" त्यानं हातानं फळी चाचपली. "त्या माणसाची नोकरी मी घालवली गं."

माझा हर्ष कुठल्या कुठे गेला. ज्याच्याशी आज सोयरीक जुळवायची, त्याचं आयुष्यभराचं नाव आपल्याच हातानं बुडालेलं! हे ऐकल्यावर तो काय पोराला पाठवेल आमच्या दारात? मी दादाचा दंड धरला आणि स्पष्ट सांगितलं, "हे तोंडातून काढू नकोस. खांब उद्या गुपचूप उचलून घे. कोचकडे जा, माझं चुकलं म्हण, तुमचाच विंचू थोर म्हण. पोरीचं लग्न होऊ दे. मग सांग सावकाश."

"लग्नानंतर सांगितलं तर ती फसवणूक झाली."

"आणि आत्ता सांगितलंस तर लग्नच नाही झालं!"

"मग नाही झालं," दादा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. लेकीवर त्याचा किती जीव आहे ते मला विचारा. तो निघाला, आणि मी मागून पाय ओढत, त्याला दर वळणावर मूर्ख म्हणत.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कोच स्टुलावर बसून कुठल्याशा बुटांना नाड्या ओवत होते. आम्हाला बघून म्हणाले, "काय, फोटो तपासायला आलात? भिंग देऊ?"

दादानं काहीही आडपडदा ठेवला नाही. पट्ट्या, फळ्या, रेघ, चार बोटं, सगळं एका दमात सांगितलं. "फोटो खरा आहे. रिंग खोटी होती. ती माझ्यामुळे. तुमची पोरं बाहेर हरायची ती पण माझ्यामुळे. तुम्हाला काढलं ते माझ्यामुळे. काय बोलायचं ते बोला."

कोचचा हात नाडीवर थांबला. मी मनात भाचीची माफी मागून टाकली.

"जमीन कधी बसवलीत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कोच झालात त्याच उन्हाळ्यात."

त्यांनी मनाशी वर्षं मोजली. मग भिंतीवरच्या विंचवाकडे बघून म्हणाले, "म्हणजे याची उडी चार बोटं कमी धरायची. उंटच थोर निघाला म्हणा की."

"नाही, नाही!" दादा एकदम उसळला. "उलटंच आहे. येताना मी तोच विचार करत होतो. विंचू इथून मोठ्या टीममध्ये गेला तेव्हा पहिलं वर्षभर त्याचा एक बॉल धड पडेना, आठवतंय ना? पेपरवाले म्हणाले, संपला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की त्याचा हात चुकीच्या रिंगवर घडलाय. तरी त्यानं सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. उंटाला असं काही करावं लागलं नाही. माझा उंट मोठाच आहे, पण हे त्याला जमलं असतं का, मी नाही सांगू शकत."

दादाच्या तोंडून हे! मला वाटलं छप्पर कोसळेल.

"अहो, पण सिमेंटवर, त्या कापडी बुटांत..." कोच बोलायला लागले आणि मध्येच थांबले. काहीतरी त्यांच्या डोक्यात आत्ता कुठे शिरलं होतं. बूट बाजूला ठेवून त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला.

"हॅलो, अगं ऐक. नाही, दुकान ठीक आहे. ऐक ना. ती पोरं बरोबर फेकत होती गं! हो, आपली पोरं. सगळी. रिंगच खाली होती... मी त्यांना किती ओरडायचो, हात वर, हात वर म्हणून, आणि घरी येऊन तुला म्हणायचो ना, मला शिकवताच येत नाही म्हणून? तसं नव्हतं गं. मला येत होतं. मी बरोबर शिकवलं होतं."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. कोच नाक ओढत हसले, बाहीनं डोळे पुसले आणि दादाकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "कुणी सांगितलं? व्याह्यांनी. इथेच उभे आहेत समोर. चहा टाक, घेऊन येतो."