आयरिनच्या पुस्तकाला पावडर

मला किळस लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. ओल्या पायपुसण्याची येते, बेसिनमधल्या केसांची येते, कपात बोट बुडवून कोणी चहा आणला तर मी तो परत पाठवते. पण या फेब्रुवारीपासून मला माणसांची जी किळस आली आहे ती अंघोळ करूनही जात नाही. आणि ती सगळी आली आमच्या पुस्तक भिशीतून.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही भिशी समिधाने काढली. पैशांची नाही. आठ बायका, स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने पुढच्या वेळी आपलं आवडतं पुस्तक आणायचं, त्यावर बोलायचं, आणि मग ते पुस्तक एकेक आठवडा प्रत्येकीच्या घरी फिरायचं. मी सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. पुस्तकाचं नाव काढल्यावर मी कशाला नाही म्हणते?

पहिल्या बैठकीला ओळख म्हणून सगळ्यांनीच एकेक पुस्तक आणायचं होतं. समिधाने आपलं आवडतं पुस्तक काढलं. विषय होता पहाटे पाचला उठण्याचे फायदे. तिच्या दाराबाहेर दूधवाल्याची पिशवी साडेनवापर्यंत लटकलेली असते, हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. दिव्याने आणलेल्या पुस्तकाचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. 'खूप डीप आहे' म्हणाली. आशाताईंचं तर पुस्तकाने आयुष्य बदललं. कसं, असं मी विचारलं, तर 'ओव्हरऑल' म्हणाल्या. मग सगळ्यांनी पुस्तकं छातीशी धरून फोटो काढले आणि ढोकळ्यावर तुटून पडल्या. मला वीट आला होता. निदान एक तरी खरी वाचणारी बाई इथे असावी असं वाटत होतं, आणि आठवी मेंबर बदलापूरला राहायला गेल्यावर मी आयरिनचं नाव सुचवलं.

आयरिन आमच्या शाळेत लायब्ररी सांभाळायची. घर उत्तनला, अगदी किनाऱ्यालगत. नवरा गॅब्रियल बोटीवर जायचा, आता भावांना बोंबील सुकवायला मदत करतो. आमची मैत्री बावीस वर्षांची, आणि सगळी पुस्तकांवर झालेली. मधल्या सुट्टीत डबे उघडून आम्ही भांडायचो. तिला रडकी पुस्तकं आवडायची नाहीत आणि मला तिची हसरी. पण ती द्यायची ते मी वाचायचे आणि मी द्यायचे ते ती, आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं, हा नियम. 'हा लेखक बायकोशी एक वाक्य नीट बोललेला दिसत न्हाय,' असं ती एकदा म्हणाली होती. त्या लेखकाचं पुढे मला एकही पान वाचवलं नाही.

"तुमच्या सोसायटीत मी काय करू?" फोनवर तिने विचारलं.

"चहा पी, ढोकळा खा आणि बोल. आपलीच माणसं आहेत."

"नक्की?"

"मी आहे ना! अगदी घरच्यासारखी ये."

जानेवारीत तिची चिठ्ठी निघाली आणि फेब्रुवारीत तिने ते पुस्तक आणलं. त्याला नाव नाही. शाळेने जुनी पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा तिने ते उचललं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली बारा पानं गेलेली. कादंबरी तेराव्या पानावर सुरू होते: एक सुईण होडीत बसली आहे आणि होडीवाला तिच्याशी बोलत नाही. का बोलत नाही, ते फाटलेल्या पानांत होतं. आयरिनने ही बारा पानं मनातल्या मनात किती वेळा लिहिली असतील! कधी तो तिचा भाऊ असतो, कधी तिच्या हातून त्याचं मूल गेलेलं असतं. मला दरवेळी नवीन सांगायची आणि मी दरवेळी खोडून काढायचे.

त्या शनिवारी तिने ते सगळं सांगितलं. दहा मिनिटं कोणी फोन हातात घेतला नाही. समिधानेसुद्धा विचारलं, "मग शेवटी बोलतो का तो?" आयरिन म्हणाली, "वाच ना!" आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. ते पुस्तक तिने याआधी कोणालाच दिलेलं नव्हतं. मलाही नाही, मी फक्त ऐकलं होतं. मला इतका अभिमान वाटला, जणू ती कादंबरी मीच लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर एक नवा ग्रुप उगवला. नाव 'भिशी फक्त आपण'. त्यात सात जणी होत्या. आयरिन नव्हती.

"गर्ल्स, पूर्ण हॉलमध्ये सुक्या मच्छीचा वास येतोय," समिधाने लिहिलं होतं. "बुक शूरॅकमध्ये ठेवलंय. सॉरी, पण आय कान्ट."

"माझा टर्न स्किप करा प्लीज. घरात बाळ येतं," दिव्याने लिहिलं. बाळ म्हणजे तिच्या नणंदेचं, नऊ वर्षांचं.

आशाताईंनी लिहिलं, "स्वभावाने चांगली आहे हो बिचारी. पण हायजीन महत्त्वाचं."

त्याखाली नाक धरलेली पिवळी तोंडं, ओळीने.

याच बायका काशीमीऱ्याच्या हॉटेलात सुरमई थाळी खायला गाडी काढून जातात. समिधाला बांगड्याचं डोकं चोखताना मी स्वतः पाहिलं आहे, बोटांपासून कोपरापर्यंत रस्सा. मासा ताटात आला की चव आणि पुस्तकाला लागला की हायजीन! मी लिहायला घेतलं: लाज वाटत नाही का तुम्हाला? आणि पुसलं. परत लिहिलं आणि परत पुसलं. या बायकांशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते, पाण्याचा टँकर आला की यांच्याशीच बोलावं लागतं. शेवटी मी लिहिलं, "माझ्याकडे द्या. मी बघते."

टाळ्या वाजवणारे सहा हात आले.

आयरिनच्या कानावर हे जाऊ नये एवढंच मला हवं होतं. ती दुखावली जाऊ नये, भिशी सोडून जाऊ नये. समिधाने झिपच्या पिशवीत घालून, पिशवी दोन बोटांत धरून मला ते पुस्तक दिलं. घरी येऊन मी उघडलं. वास होता. खोटं का बोलू? चांगलाच होता. मला नवल वाटलं, कारण बावीस वर्षांत आयरिनकडून मी शंभरएक पुस्तकं आणली असतील, एकालाही कधी वास आला नव्हता. हे फार दिवस घरात राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

चार दिवस ते बाल्कनीत दोरीवर चिमटे लावून टांगलं. मग कापूर घालून डब्यात बंद केलं. तरीही थोडा वास उरला, तेव्हा पानापानात टाल्कम पावडर भुरभुरवली.

"पुस्तकाला पावडर लावतेस?" शशिकांतने पेपरमधून डोकं वर काढून विचारलं.

"मग तुझ्या तोंडाला लावू?"

"तिला सरळ सांग की बायका असं म्हणतात."

"आणि ती दुखावली म्हणजे?"

"तिचं पुस्तक तिला न विचारता धुऊन काढतेयस, त्याने नाही का दुखावणार?"

नवऱ्याचं खरं असलं की मला राग येतो. मी पंखा वाढवून त्याचा पेपर उडवून दिला.

पुस्तक पुढे दिव्याकडे गेलं, आशाताईंकडे गेलं. वाचलं कोणीच नाही. दोन्ही घरांतून फक्त फोटो आले, कॉफीच्या मगाशेजारी. 'आता किती फ्रेश झालंय!' असं ग्रुपवर आलं. मी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला. हो, टाकला. त्या अंगठ्याची किळस मला अजून आहे.

मार्चची बैठक दिव्याकडे होती. फेरी पूर्ण व्हायच्या आतच दिव्याने पुस्तक आयरिनला परत दिलं, 'सगळ्यांचं झालं' म्हणून. आयरिन खूश झाली. "सगळ्यांचं? मग सांगा, शेवटी बोलतो का तो?" असं म्हणत तिने पुस्तक मांडीवर उघडलं.

पावडर तिच्या काळ्या स्कर्टवर पडली. तिने पान उलटलं, आणखी पडली. तिने बोटाने ती उचलली, नाकाशी नेली. मी वड्यांच्या ताटलीकडे बघत होते. आणि आशाताई, देव त्यांचं भलं करो, म्हणाल्या, "छान वास येतोय ना आता?"

आयरिनने 'आता' हा शब्द ऐकला. मान वर केली तेव्हा तो तिच्या कानात शिरताना मी पाहिला. तिने स्कर्ट झटकला, पुस्तक पिशवीत ठेवलं आणि समोरचा बटाटावडा पूर्ण खाल्ला. दिव्याच्या चटणीचं कौतुकही केलं. सातच्या सुमारास 'बस चुकेल' म्हणाली आणि गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही असं नाही. "येते गं," म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर तिने फोन उचलला नाही. रविवारी मी उत्तनची बस पकडली. वाटेत मी मनात भाषण तयार करत होते. समिधाला काय काय म्हणायचं, दिव्याला काय म्हणायचं. ग्रुप मी आदल्या दिवशीच सोडला होता, तेही सांगायचं होतं. किनारा जवळ आला तसा खिडकीतून बोंबलांचा वास घुसला आणि शेजारची पोरगी माझ्याकडे बघून हसली. मी ओढणी नाकाला लावली होती. कधी लावली ते कळलंही नव्हतं. मी ती पटकन खाली केली.

आयरिन अंगणात होती. चर्चमधून येऊन कपडे बदलून बसलेली. समोर बांबू आडवे बांधून केलेल्या वलांड्यांवर बोंबील रांगेने सुकत होते आणि पलीकडे गॅब्रियल जाळं आवरत होता. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सुरू झाले. एकेकीचा उद्धार केला. ढोंगी म्हटलं, सडकी म्हटलं. तिने मला थांबवलं नाही.

"आणि ती पावडर?" मी दम घेतल्यावर तिने विचारलं.

"ती मी लावली," मी म्हणाले. "तुला वाईट वाटू नये म्हणून. आयरिन, मला कधीच काही वाटलं नाही गं. बावीस वर्षं तुझी पुस्तकं नेतेय, एकालाही कधी वास आला नाही!"

ती हसली. हसण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"येनार कसा? तुला पहिला पुस्तक दिला, तो तू कडुलिंबाचा पाला घालून परत केलास. आठवतं? कसर लागते म्हणालीस."

मला आठवत नव्हतं. अजिबात आठवत नव्हतं.

"मना तवाच कळला. मग तुला द्यायचं पुस्तक मी आधी हेझलकडे नेऊन ठेवायची, माझ्या बहिणीकडे. मोरव्याला. चार दिवस, पाच दिवस. तिच्याकडे मासे सुकत न्हाय. ती कपाटात ठेवायची, साबणाच्या वडीबरोबर. मग शाळेत आणून तुला."

"प्रत्येक पुस्तक?"

"प्रत्येक."

"बावीस वर्षं? आणि मला एकदाही बोलली नाहीस?"

"तू पन न्हाय बोललीस," ती म्हणाली. "हाच एक न्हाय नेला तिच्याकडे. तू म्हणालीस ना, आपलीच माणसं हायेत, घरच्यासारखी ये. मना वाटलं, आता चालेल."

तयार केलेल्या भाषणातलं एक वाक्य उरलं नव्हतं. त्या सहा जणींनी निदान दुसऱ्याच दिवशी नाक धरलं आणि ग्रुपवर लिहिलं तरी. मी बावीस वर्षं धरून बसले होते, आणि एवढ्या वर्षांत तिने माझ्यासाठी मोरव्याला किती खेपा घातल्या असतील. मला स्वतःची शिसारी आली. तसं मी तिला सांगितलं, याच शब्दांत. ती म्हणाली, "पुरे. चहा घेतेस?"

चहा झाल्यावर ती आत गेली आणि ती बिननावाची कादंबरी नाही, दुसरंच एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. खिडकीपाशी ठेवलेलं असावं. पानं खाऱ्या हवेने फुगली होती.

"हा नवीन वाचला. तुला आवडणार न्हाय, भांडशील," ती म्हणाली. "पन आता हेझलकडे न्हाय नेणार मी. मना गुडघे दुखतात, आणि कंटाळा आला. असाच घ्यायचा तर घे. न्हायतर राहू दे, तरी मी तुझ्याशी बोलेन."

"घेते की!" मी म्हणाले आणि हात पुढे केला.

तिने पुस्तक लगेच सोडलं नाही. मी ते छातीशी घेतलं, मोठ्याने हसले, 'किती पानं आहेत गं' असं काहीतरी विचारलंही. आणि ते विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी श्वास घेत नाहीये. आयरिनच्या ते माझ्याआधीच लक्षात आलं होतं. ती समोर उभी राहून, मी पुढचा श्वास कधी घेते याची वाट पाहत होती.